पोपटाच्या पायाची सूज: तळव्याचा संसर्ग की गाऊट?

पिंजऱ्यातला पोपट एक पाय पोटाच्या पिसांत ओढून दुसऱ्या पायावर डुलकी घेत बसला असेल, तर त्यात काळजीचे काही नसते. निरोगी पोपट असाच विसावतो. मात्र तो रोज तोच पाय वर धरू लागला, दोन्ही पाय आळीपाळीने उचलू लागला किंवा दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसू लागला, तर पाय निरखून पाहावा लागतो. तिथे सूज दिसली की बहुतेक घरांत निदान जागच्या जागी ठरते: पायात पू झाला आहे. पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु पोपटाच्या पायाला सूज आणणारे दोन निराळे आजार आहेत. एक तळव्याचा जंतुसंसर्ग, ज्याला पशुवैद्यकात बंबलफूट म्हणतात. दुसरा गाऊट, म्हणजे सांध्यांत युरिक ॲसिडचे क्षार साचणे. पहिल्याचे कारण बहुधा पायाखालच्या दांडीत सापडते, दुसऱ्याचे मूत्रपिंडात, आणि पहिल्यासाठी घरात केले जाणारे काही उपाय दुसऱ्यात पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात.

येथे पोपट म्हणजे बजेरिगर, कॉकाटील, लव्हबर्ड यांसारखे पाळीव विदेशी पक्षी अभिप्रेत आहेत. (आपल्या बाजारात बजेरिगरलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ही गोष्ट डॉक्टरांना फोनवरून पक्ष्याचे वर्णन सांगताना ध्यानात ठेवावी.) गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे, तो जखमी अवस्थेत सापडल्यास वन विभागाला कळवावे.

बंबलफूटची सुरुवात जंतूंपासून होत नाही, ती दाबापासून होते. पोपटाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. त्यांनी तो फांदी कवळतो, आणि दिवसरात्र त्याच्या शरीराचा भार तळव्यांवरच असतो, कारण तो झोपतोही उभ्यानेच. झाडावर प्रत्येक फांदीची जाडी आणि वळण वेगळे असल्यामुळे हा भार तळव्यावर सतत इकडून तिकडे सरकत राहतो. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांडीवर तो महिनोन्महिने त्याच दोन-तीन ठिकाणी पडतो. तिथल्या त्वचेवरची बारीक खवल्यांची नक्षी पुसट होते आणि ती जागा लालसर, तुकतुकीत दिसू लागते. माणसाच्या पायाला चपलेच्या घर्षणाने भोवरी होते, तसाच हा प्रकार; फरक एवढाच की पोपटाची त्वचा जाड होण्याऐवजी अनेकदा पातळ होऊन फाटते. त्या भेगेतून जंतू आत शिरतात. ते बहुधा स्टॅफिलोकोकस जातीचे असतात, तर अस्वच्छ पिंजऱ्यात विष्ठेतील ई. कोलायसारखेही असतात. पुढे काळपट खपली धरते, तळवा गरम लागतो, टम्म फुगतो, आणि वेळीच आवर घातला नाही तर संसर्ग कंडरा व हाडापर्यंत पोहोचतो.

यातली एक गोष्ट माणसाच्या गळवाचा अनुभव असलेल्यांना हमखास चकवते. पक्ष्यांचा पू पातळ नसतो. तो पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट आणि कोरडा गोळा होऊन बसतो. त्यामुळे गरम पाण्याने शेकून तो पिकेल, फुटेल आणि वाहून जाईल, ही अपेक्षा पोपटाच्या बाबतीत व्यर्थ ठरते. गोळा मोठा असेल तर पशुवैद्याला तो काढावाच लागतो. हा पांढुरका गोळा त्वचेखालून दिसतो तेव्हाच गाऊटशी गफलत होते, कारण गाऊटच्या गाठीही पांढुरक्याच असतात.

गाऊट समजण्यासाठी विष्ठेकडे पाहावे. पोपटाच्या विष्ठेत हिरवा किंवा तपकिरी भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी असते. तो पांढरा भाग म्हणजे युरेट, अर्थात युरिक ॲसिडचे क्षार. आपण नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकतो, पक्षी ते युरिक ॲसिडच्या रूपाने टाकतात. म्हणजे माणसाच्या रक्ततपासणीत ज्या शब्दाने आपण दचकतो, ते द्रव्य पक्ष्याच्या शरीरात रोज तयार होणारे नेहमीचेच आहे. प्रश्न ते बाहेर टाकण्याचा असतो. मूत्रपिंड बिघडले किंवा शरीरातले पाणी फार कमी झाले की रक्तातले युरिक ॲसिड वाढते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांभोवती जमू लागतात. आहारात प्रथिने, कॅल्शियम किंवा ड-३ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेल्यानेही मूत्रपिंडावर ताण येतो, आणि इथे अतिउत्साही मालक दोषी असू शकतो, कारण पाण्यात रोज ‘टॉनिक’चे थेंब टाकणे हा अनेकांचा परिपाठ असतो. बजेरिगरमध्ये पायाच्या सांध्यांचा गाऊट विशेष आढळतो. हेच क्षार हृदय व यकृतावरही साचू शकतात, आणि तो प्रकार पायावर काही न दाखवता पक्ष्याचा अचानक बळी घेतो.

आता पाय प्रत्यक्ष पाहताना काय तपासावे? पक्ष्याला टॉवेलमध्ये धरण्याआधी, तो पिंजऱ्याच्या जाळीवर चढलेला असताना बाहेरून मोबाइलने तळव्याचे छायाचित्र घ्यावे. त्याने पक्षी घाबरत नाही आणि चित्र मोठे करून पाहता येते. धरावे लागलेच तर छातीवर दाब येऊ देऊ नये, कारण पक्ष्याला श्वासासाठी छातीचे हाड पुढेमागे हलवावे लागते. सूज तळव्याच्या खालच्या बाजूला, भार पडतो नेमक्या त्या जागी असेल, तिथली त्वचा गुळगुळीत किंवा खपली धरलेली असेल, तर बंबलफूटची शक्यता अधिक. उलट सूज बोटांच्या पेरांवर किंवा घोट्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या बाजूने असेल, ताणलेल्या त्वचेखालून मोत्यांसारख्या पांढऱ्या-पिवळसर गाठी दिसत असतील, तळव्याची नक्षी शाबूत असेल आणि एकाहून अधिक सांधे, बहुधा दोन्ही पायांचे, धरलेले असतील, तर गाऊटचा संशय घ्यावा. गाऊटचा पक्षी एकंदरीतही आजारी दिसतो: खूप पाणी पितो, पातळ विष्ठा टाकतो, पिसे फुगवून बसतो, वजन गमावतो. बंबलफूटचा पक्षी सुरुवातीला खातोपितो आणि ओरडतोही, फक्त पाय सांभाळतो. केवळ दोन्ही पाय सुजले म्हणून मात्र गाऊट ठरवू नये. एक पाय दुखू लागला की सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि तिथेही बंबलफूट उद्भवते.

ही चिन्हे संशय घेण्यापुरती आहेत. खात्री पशुवैद्य करतात: रक्तातील युरिक ॲसिड मोजून, गाठीतला कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका असल्यास एक्स-रे काढून, आणि जखमेतल्या जंतूंची कल्चर तपासणी करून.

मला या दोन आजारांतला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहाराचा वाटतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. निव्वळ राळे, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही. ते कमी पडले की शरीरातली अस्तरे निबर आणि कोरडी होतात. तळव्याच्या बाबतीत याचा अर्थ त्वचा लवकर फाटणे. मूत्रपिंडातून युरेट वाहून नेणाऱ्या नलिकांच्या बाबतीत त्याचा अर्थ अडथळा निर्माण होणे. त्यामुळे वेगळ्या वाटांनी येणारे हे आजार एकाच खाण्याच्या वाटीतून सुरू होऊ शकतात, आणि एकाच पक्ष्यात एकत्रही आढळू शकतात. किसलेले गाजर, लाल भोपळा, वाफवलेले रताळे, लाल ढोबळी मिरची, शेवग्याची कोवळी पाने, कोथिंबीर ही आपल्या मंडईतली साधी उत्तरे आहेत. ॲव्होकॅडो मात्र पोपटाला विषारी असते. बियांची सवय असलेला पक्षी पहिले काही दिवस या भाज्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून त्याला उपाशी ठेवू नये. बियांचे प्रमाण हळूहळू कमी करावे आणि वजनावर लक्ष ठेवावे.

उपचारांत फरक किती मोठा आहे, हे गाठ फोडण्याच्या एका उदाहरणावरून कळते. गाऊटच्या गाठीभोवती रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पू समजून ती सुईने टोचली तर खडूच्या लगद्यासारखे द्रव्य निघते आणि पाठोपाठ न थांबणारे रक्त. पस्तीस ग्रॅमच्या बजेरिगरच्या अंगात रक्तच मुळी साडेतीन मिलिलिटरच्या आसपास असते. त्यातले आठ-दहा थेंब गेले तरी ती गंभीर बाब ठरते. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. बंबलफूटमध्ये, विशेषतः संसर्ग खोल गेल्यावर, ती आवश्यक असतात. गाऊटवर त्यांचा उपयोग नसतो आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे मूत्रपिंडालाच इजा करतात. वेदनाशामकाची मात्राही मूत्रपिंडाची स्थिती पाहूनच ठरवावी लागते. गाऊटसाठी पशुवैद्य शरीरात द्रव भरून काढतात आणि ॲलोप्युरिनॉलसारखे औषध देतात, परंतु गाऊट बहुधा पूर्ण बरा होत नाही, केवळ आटोक्यात राहतो. बंबलफूट मात्र लवकर ओळखले तर दांड्या आणि आहार बदलून पूर्ण बरे होऊ शकते.

घरातल्या डब्यातली खाजेची मलमे दोन्हींत वर्ज्य मानावीत. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते, पक्षी पाय चोचीने साफ करतो तेव्हा ते पोटात जाते आणि त्याची प्रतिकारशक्ती खालावते. हळद-तेलाचा लेपही नको: तेल पिसांना लागले की ती चिकटतात आणि अंगाची ऊब टिकत नाही. तळव्यावरील उथळ जखम कोमट पाण्यात चहाच्या रंगाइतके पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसावी, आणि पुढचे डॉक्टरांवर सोपवावे.

पिंजऱ्यातला बदल दोन्ही आजारांत करावा लागतो, पण हेतू वेगळा असतो. बंबलफूटसाठी भार विभागला जावा म्हणून पेरू, जांभूळ किंवा कडुनिंबाच्या, फवारणी न झालेल्या, सालीसकट, कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावाव्यात. त्यांतली एखादी अशी असावी की पक्ष्याची बोटे तिला बरीचशी वेढतील, परंतु नखे समोरासमोर टेकणार नाहीत. नखे झिजावीत म्हणून विकली जाणारी वाळूकागदाची आवरणे काढून टाकावीत. ती नखांपेक्षा तळवेच अधिक झिजवतात. गाऊटच्या पक्ष्याला मुळात काही पकडणेच दुखते. त्याला फांदीपेक्षा मऊ कापड अंथरलेली सपाट फळी सोयीची पडते, ती खाली, पाणी आणि खाण्याच्या अगदी शेजारी, म्हणजे चढउतार करावी लागणार नाही. कापड रोज बदलावे. पाण्याचे भांडे या पक्ष्यासमोरून क्षणभरही हलवू नये. विष्ठा पातळ होते म्हणून पाणी कमी करणे ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

सूज पक्ष्याच्या पायात ओळखीसाठी घातलेल्या कडीच्या अगदी वर-खाली असेल आणि बोटे काळवंडत चालली असतील, तर हा दोन्हींपैकी कोणताच आजार नाही. कडी आवळली आहे, आणि ती घरी पकडीने न कापता त्याच दिवशी डॉक्टरांकडून काढून घ्यावी. इतर सुजेच्या बाबतीत स्वयंपाकघरातल्या ग्रॅमकाट्यावर रोज सकाळी, खाण्याआधी, पक्ष्याचे वजन करून ते लिहून ठेवावे. कॉकाटीलचे नव्वद ग्रॅम वजन ऐंशीवर आले, तर पायाची सूज कितीही किरकोळ दिसत असली तरी भेटीची वेळ पुढे ढकलू नये.