सेवा व्यापार करार आणि वाईट बातमीचं गणित

दोन देशांत व्यापार करार झाला की दुसऱ्या दिवशीचे मथळे ठरलेले असतात. ‘बाजारपेठ खुली’, ‘सेवा क्षेत्राला सुवर्णसंधी’. वस्तूंच्या बाबतीत त्यात तथ्य असतं. काल असलेलं आयात शुल्क आज शून्य होतं आणि फरक बंदरावरच कळतो. पण त्याच करारातलं सेवांचं प्रकरण उघडून वाचलं, तर बहुतेक वेळा दिसतं की त्यामुळे देशातले कायदे फारसे बदललेलेच नाहीत. जे खुलं होतं ते आधीच खुलं होतं, जे बंद होतं ते अजून बंद आहे. मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, हा भाग नुसता कागदी. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. कायदा न बदलणाऱ्या कराराचाही परिणाम होतो, आणि तो कसा होतो यामागचं गणित अर्थशास्त्रातल्या सर्वात देखण्या गणितांपैकी एक आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सेवा म्हणजे बँकिंग, विमा, दूरसंचार, शिक्षण, उपचार, सॉफ्टवेअर, वाहतूक, सल्ला. यांचा पेटारा सीमेवर उघडून जकात लावता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापाराचा करार, ‘गॅट्स’, १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. सेवा सीमा कशी ओलांडते याचे त्यात चार प्रकार मानले आहेत. सेवा तारेवरून जाते, ग्राहक परदेशी जातो, कंपनी परदेशात शाखा काढते, किंवा माणूस स्वतः काम करायला तिकडे जातो. २०१७ मध्ये जगाचा सेवा व्यापार सुमारे १३.३ लाख कोटी डॉलरचा होता आणि त्यातला जवळजवळ ६० टक्के भाग तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे परदेशातल्या शाखांमधून झालेला होता. हा आकडा लक्षात ठेवा. सेवांचा व्यापार हा मोठ्या प्रमाणात गुंतवणुकीचाच प्रश्न आहे, तो यामुळे.

सेवांच्या वाटेतल्या भिंती देशाच्या कायद्यांमध्येच असतात. परवाना किती जणांना द्यायचा, परकीय भांडवल किती टक्के चालेल, बाहेरच्या पदवीला मान्यता आहे की नाही. गॅट्समध्ये प्रत्येक देशाने एक तक्ता दिला आहे. कोणत्या सेवेत, कोणत्या प्रकाराने, किती मोकळीक देण्याचं आपण वचन देतो, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या तक्त्याची भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्याला हमखास फसवते. रकान्यात ‘नन’ लिहिलं असेल तर अर्थ होतो की कोणतीही मर्यादा नाही, म्हणजे पूर्ण खुलं. आणि ‘अनबाउंड’, जो शब्द ऐकायला मोकळा वाटतो, त्याचा अर्थ सरकारने काहीही वचन दिलेलं नाही. उद्या दार लावून घेतलं तरी तक्रार करायची सोय नाही.

आता या तक्त्यातली वचनं आणि प्रत्यक्षातले कायदे यांच्यात मोठं अंतर असतं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये ते मोजलं, तेव्हा देशांनी दिलेली वचनं त्यांच्या प्रत्यक्ष धोरणांपेक्षा सरासरी २.३ पट कडक निघाली. म्हणजे सरकार आज दार बरंच उघडं ठेवतं, पण वचन मात्र थोडंसंच उघडं ठेवण्याचं देतं. नवे करार हे अंतर कमी करतात. दार आहे तितकंच उघडं राहतं, फक्त ते किती लोटून घेता येईल याला अडसर बसतो.

त्या अडसराची किंमत काय? इथे थोडं गणित करावं लागेल. बेरीज-वजाबाकीच आहे, पण कागद-पेन्सिल जवळ घ्या.

समजा एका विमा कंपनीला परदेशात शाखा काढायची आहे. खर्च १०० एकक, आणि तो एकदा केला की परत मिळत नाही. वर्षभराने तिथलं सरकार नवा कायदा करणार आहे. कायदा अनुकूल राहिला तर शाखा एकूण १६० मिळवून देईल, कडक झाला तर फक्त ६०. शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी ११०, खर्च १००, म्हणजे आजच गुंतवलं तर फायदा १०. शाळेतलं उत्तर: गुंतवा.

पण कंपनीपुढे तिसराही पर्याय आहे, थांबण्याचा. वर्षभर थांबायचं, कायदा काय होतो ते पाहायचं, मगच ठरवायचं. थांबल्याने एका वर्षाची कमाई बुडेल, ती १० धरू. कायदा अनुकूल निघाला तर मिळतील १५०, खर्च १००, फायदा ५०. प्रतिकूल निघाला तर शाखाच काढायची नाही, फायदा शून्य. सरासरी २५. आजच्या १० पेक्षा हे कितीतरी चांगलं. म्हणून कंपनी थांबते. कायद्यात आज कोणतीही भिंत नाही, धंदा सरासरीने फायद्याचा आहे, तरीही शाखा निघत नाही.

आता समजा सरकारने आमिष वाढवलं. कायदा अनुकूल राहिला तर १६० ऐवजी २०० मिळतील. आज गुंतवलं तर सरासरी १३०, फायदा ३०. थांबलं तर १९० वजा १००, म्हणजे ९०, त्याचं निम्मं ४५. थांबणं अजूनही १५ ने सरस. आधीही फरक १५ चाच होता! २०० च्या जागी ५०० घालून पाहा, फरक १५ च येईल. चांगल्या शक्यतेचा आकडा वजाबाकीत दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि गळून जातो. निर्णय ठरतो तो फक्त वाईट शक्यतेवर आणि थांबल्याने बुडणाऱ्या कमाईवर.

हे मी पहिल्यांदा स्वतः सोडवलं तेव्हा कितीतरी वेळ त्या वजाबाकीकडे बघत बसलो होतो. बेन बर्नान्की यांनी, पुढे ते अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले, १९८३ च्या शोधनिबंधात हे मांडलं. ‘वाईट बातमीचं तत्त्व’ असं त्याला म्हणतात.

आता अडसर लावून पाहू. कराराने वचन दिलं की कायदा कितीही कडक केला तरी शाखेची कमाई ६० पर्यंत खाली जाईल इतका करता येणार नाही. समजा वाईटात वाईट कमाई आता ९५. आज गुंतवलं तर १६० आणि ९५ ची सरासरी १२७.५, फायदा २७.५. थांबलं तर पूर्वीइतकेच २५. पारडं फिरलं. या उदाहरणात ते बरोबर ९० ला फिरतं. आज लागू असलेला एकही नियम बदललेला नाही, फक्त भविष्यातली एक वाईट शक्यता खोडली, आणि शाखा निघाली.

वस्तूंच्या व्यापारात याचा चांगला पुरावा आहे. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत गेला. अमेरिका चिनी मालावर तेव्हाही कमी शुल्कच घेत होती, मात्र ती सवलत दरवर्षी नव्याने मंजूर करावी लागे. मंजुरी नाकारली गेली असती तर सरासरी शुल्क सुमारे ४ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेलं असतं. संघटनेत गेल्यावर ही टांगती तलवार गेली. काइल हँडली आणि नुनो लिमाओ यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात चीनच्या अमेरिकेकडे वाढलेल्या निर्यातीतला एक तृतीयांशाहून अधिक भाग या अनिश्चितता कमी होण्याने स्पष्ट होतो.

इथे एका अफवेबद्दल बोलायला हवं, कारण ती वर्षानुवर्षं फिरते आहे. गॅट्समुळे सरकारी दवाखाने आणि शाळा विकाव्याच लागतात, अशी. तसं कोणतंही कलम नाही. सरकार आपल्या अधिकारात, व्यापारी तत्त्वावर नव्हे आणि कुणाशी स्पर्धा न करता, ज्या सेवा पुरवतं त्या पहिल्याच कलमात वगळलेल्या आहेत. बाजार खुला करण्याचं बंधनही देशाने तक्त्यात लिहिलं तेवढ्यापुरतंच येतं.

पण अडसर खरा असतो, हेही तितकंच खरं. अमेरिकेने आपल्या तक्त्यात ‘मनोरंजनाच्या इतर सेवा’ खुल्या लिहिल्या आणि त्यातून जुगार वेगळा काढायचा राहिला. अँटिग्वा आणि बार्बुडा या लाखभर वस्तीच्या बेटदेशाने २००३ मध्ये तक्रार केली की अमेरिका ऑनलाइन जुगार अडवते. निवाडा आला, बंदी म्हणजे शून्याचा कोटा, आणि खुल्या सेवेत कोटा चालत नाही. सार्वजनिक नीतिमत्तेच्या कारणाने बंदीचा बचाव करता येतो, हे २००५ च्या अपिलात मान्य झालं. मात्र घोड्यांच्या शर्यतींवर दूरून पैज लावण्यात देशी आणि परदेशी कंपन्यांना एकच न्याय लावल्याचं अमेरिकेला दाखवता आलं नाही. २००७ मध्ये अँटिग्वाला वर्षाला २.१ कोटी डॉलर इतक्या प्रतिकारवाईचा, म्हणजे अमेरिकेला दिलेल्या तेवढ्या सवलती रोखण्याचा, हक्क मिळाला.

गुंतवणूक करार हाच अडसर आणखी घट्ट करतात. असा पहिला द्विपक्षीय करार १९५९ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. पुढच्या अनेक करारांनी कंपनीला थेट सरकारविरुद्ध लवादाकडे जाण्याचा हक्क दिला. फिलिप मॉरिसने २०१० मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरच्या नियमांवरून उरुग्वेला असंच खेचलं. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला, पण सहा वर्षं लढल्यानंतर.

मला इथे तेच गणित उलटं दिसतं. थांबून पाहण्याची, परिस्थिती कळल्यावर ठरवण्याची किंमत फक्त कंपनीलाच असते का? सरकारलाही असते. तंबाखू, बँका, औषधं, डेटा यांबद्दल दहा वर्षांनी काय कळेल हे आज कुणालाच माहीत नाही. कंपनीची वाईट शक्यता खोडताना सरकारचा पर्यायही कुठेतरी खोडला जातो, आणि तो ताळेबंदात कुणी मांडत नाही. वित्तीय सेवांच्या परिशिष्टात ठेवीदारांच्या आणि वित्तव्यवस्थेच्या रक्षणासाठी उपाय करण्याची मुभा ठेवली आहे ती म्हणूनच. माझ्या मते तशी मुभा आरोग्यासाठीही इतक्याच ठळकपणे लिहायला हवी.

राहिला चौथा प्रकार, माणसाने स्वतः जाण्याचा. २०१७ च्या त्या सेवा व्यापारात त्याचा वाटा जेमतेम ३ टक्के. परदेशात काम करू पाहणारी परिचारिकाही न परतणारा खर्च करते. वर्षं घालवून भाषा शिकते, परीक्षा देते, कर्ज काढून नोंदणी करते. तिलाही नियम मधेच बदलण्याची भीती असते, आणि कंपनीसारखी दहा देशांत जोखीम वाटून घेण्याची सोय तिला नसते. वाईट शक्यता खोडून मिळण्याची गरज तिला सर्वात जास्त. पण बहुतेक देशांच्या तक्त्यात या प्रकारासमोर ‘अनबाउंड’ असतं, आणि पुढे अपवाद म्हणून मुख्यतः कंपनीनेच बदली करून पाठवलेले अधिकारी, तज्ज्ञ आणि कामानिमित्त थोडे दिवस येणारे लोक.