‘त्या हाताने काही उचलू नका’

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून घरी आलेल्या बाईला अजूनही ही ताकीद मिळते. बादली नको, कळशी नको, नातवाला कडेवर घेणंही नको. ही धास्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती उगाच आलेली नव्हती.

अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड १८८२ पासून जे ऑपरेशन करत, त्यात स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या जात. हातातल्या द्रवाचा निचरा याच ग्रंथींमधून होतो; तो अडला की हात सुजायचा. यालाच लिम्फेडेमा म्हणतात. खांदाही असा आखडायचा की वेणी घालायला हात वर जाईना. १९२१ मध्ये खुद्द हॉल्स्टेड यांनी या सुजेवर लेख लिहिला.

न्यूयॉर्कच्या टेरीझ लॅसर यांचं असंच ऑपरेशन १९५२ मध्ये झालं. त्यानंतर त्या स्वतःच इतर बायकांना भेटायला जाऊ लागल्या. सोबत व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी असे. भिंतीकडे तोंड करून बोटांनी हळूहळू वर चढत जायचं, हा व्यायाम आजही आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. हात मोकळा करणं सगळ्यांना पटलं होतं. वजन उचलणं मात्र वर्ज्यच राहिलं.

या समजुतीची परीक्षा घेतली कॅनडातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी. १९९६ मध्ये व्हँकुव्हरला त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या लांब होडीत बसवलं. वल्हं मारताना दंड, खांदा, पाठ सगळंच राबतं, तेही पुन्हा पुन्हा. एकीलाही नव्याने लिम्फेडेमा झाला नाही. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाच्या वाटतात त्या या २४ जणी. भीती त्यांच्याही मनात असणारच, तरी त्या बोटीत बसल्या.

पण २४ जणींवरून वैद्यकशास्त्र बदलत नाही. २००९ मध्ये अमेरिकी संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या १४१ बायकांचा हात आधीच सुजलेला होता. निम्म्याजणींनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सूज वाढली नाहीच, उलट ती मधूनच बळावण्याचे प्रसंग या गटात कमी आढळले. मात्र वजन अगदी थोड्यापासून सुरू केलं होतं, बेताबेताने वाढवलं होतं, सुरुवातीला शिकवायला प्रशिक्षक होते आणि व्यायाम करताना हातावर दाबबाही, म्हणजे सूज आवरणारी घट्ट बाही चढवलेली असायची.