गाठ चरबीचीच आहे, हे चित्रावरून कसं कळतं?

चरबीच्या गाठीची तपासणी करताना रेडिओलॉजिस्टला एक सोय आयती मिळते. ज्या गाठीबद्दल शंका आहे, तिच्या शेजारी त्याच चित्रात त्याच माणसाची निरोगी चरबीही दिसत असते. त्वचेखालचा हा थर म्हणजे तुलनेसाठीचा नमुनाच. गाठ प्रत्येक प्रकारच्या चित्रात या थरासारखी हुबेहूब दिसली, तर ती लायपोमा, म्हणजे चरबीची साधी, निरुपद्रवी गाठ. कुठे फरक दिसला, तर पुढचा विचार करायचा.

मोठ्या माणसांच्या मऊ ऊतींमध्ये होणाऱ्या गाठींत लायपोमा सर्वांत जास्त आढळतो. चाळिशी ते साठीच्या दरम्यान तो बहुधा लक्षात येतो. मान, खांदा, पाठ, दंड, मांडी या त्याच्या नेहमीच्या जागा. गाठ मऊ असते, सहसा दुखत नाही, आणि कडेवर दाब दिला की बोटाखालून सटकते. वर्षानुवर्षं ती हळूहळू वाढते आणि बहुतेक वेळा पाच सेंटीमीटरच्या आतच राहते. मालिश करून किंवा वजन उतरवून ती विरत नाही. उलट माणूस बारीक झाला की ती जास्तच उठून दिसते, कारण आजूबाजूची चरबी घटते आणि गाठीतली तशीच राहते.

अशा लहान, वरवरच्या गाठीसाठी अनुभवी डॉक्टरांची बोटं पुरेशी असतात. प्रत्येक गाठीचा एमआरआय काढायला हवा, असा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. पण गाठ पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, दुखत असेल, हाताला घट्ट लागत असेल, स्नायूच्या खाली खोलवर असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर चित्र काढल्याशिवाय तिला हात लावू नये. यातल्या दुखण्याने लगेच घाबरायचं मात्र कारण नाही. रक्तवाहिन्यांचं प्रमाण जास्त असलेला अँजिओलायपोमा तरुणांच्या हातावर बरेचदा आढळतो, तो दुखतो आणि तरीही निरुपद्रवी असतो.

सुरुवात सोनोग्राफीपासून होते. पडद्यावर लायपोमा त्वचेला समांतर पसरलेल्या लांबट आकारात दिसतो. त्याच्या आत बारीक, उजळ रेषा असतात, त्याही त्वचेला समांतर. प्रोब दाबला की गाठ चपटी होते. रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर लावलं तर गाठीच्या आत रक्तप्रवाह जवळजवळ दिसतच नाही. वरवरच्या गाठीसाठी एवढं पुरतं. खोल आणि मोठ्या गाठीचा तळ मात्र सोनोग्राफीत नीट दिसत नाही.

सीटी स्कॅनमध्ये चरबी आकड्याने ओळखता येते. सीटी विकसित करणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० धरतात. चरबी साधारण उणे ५० ते उणे १२० च्या पट्ट्यात येते, आणि शरीरातली दुसरी कुठलीही ऊती तिथे येत नाही. त्यामुळे मोठ्या आतड्यात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत अचानक सापडलेली गाठ या आकड्यामुळे अनेकदा सुई न टोचताच ओळखता येते. मूत्रपिंडातल्या अँजिओमायोलायपोमाची, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी मिळून झालेल्या गाठीची, ओळखही अशीच पटते. ती गाठ चार सेंटीमीटरच्या पुढे गेली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग कधी कधी रेडिओलॉजिस्टच रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन तिचा रक्तपुरवठा बंद करतो.

हातापायांतल्या खोल गाठींसाठी एमआरआयला तोड नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. एमआरआय शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश गोळा करतं. ही केंद्रं चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेने डोलतात. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात हे डोलणं सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा होतं. पण पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन यांच्या डोलण्यात साधारण २२० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला २२० वेळांचा, फरक असतो. दर दहा लाखांत जेमतेम साडेतीन! एवढ्याशा फरकाचा फायदा घेऊन यंत्र नेमक्या चरबीच्या वारंवारतेची लहर सोडतं आणि फक्त तिचा संदेश दाबून टाकतं.

म्हणून चित्रं दोन प्रकारची काढतात. टी-वन नावाच्या पहिल्या चित्रात चरबी पांढरीशुभ्र दिसते. पण काही दिवस साचलेलं रक्तही त्यात पांढरं दिसू शकतं, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही. दुसऱ्या चित्रात चरबीचा संदेश दाबलेला असतो. त्वचेखालचा थर काळा पडतो, आणि लायपोमा असेल तर गाठही त्याच्याबरोबर तितकीच काळी पडते. आता बघायचं ते एवढंच, की काळ्या गाठीत काही उजळ उरलंय का.

गाठीत केसासारखे बारीक पडदे असले तर काळजी नाही. दोन मिलिमीटरपेक्षा जाड पडदे, चरबी नसलेला गोळा, दहा सेंटीमीटरच्या पुढचा आकार, स्नायूखालची जागा, रुग्णाचं जास्त वय हे सगळं एकत्र आलं की शंका लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या कॅन्सरची येते. साध्या लायपोमाचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अतिशय दुर्मीळ आहे. लायपोसार्कोमा जवळजवळ नेहमीच सुरुवातीपासून वेगळा असतो.

चित्राला मर्यादा आहे, हे मात्र मोकळेपणाने सांगायला हवं. मोठ्या लायपोमात कधी चरबीचा एखादा भाग मृत होतो आणि तोही संशयास्पद दिसतो. तेव्हा चित्र बघत सुईने तुकडा घेतात आणि पेशींमध्ये एमडीएम२ या जनुकाच्या जादा प्रती आहेत का ते तपासतात. कमी तीव्रतेच्या लायपोसार्कोमात त्या असतात, लायपोमात नसतात. लायपोमात बरेचदा एचएमजीए२ या जनुकाची जागा हललेली सापडते. दोन्ही जनुकं बाराव्या गुणसूत्रावर, एकाच भागात आहेत, हे मला फार विलक्षण वाटतं.

उपचारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बहुतेक लायपोमांना हात न लावलेलाच बरा. दुखत असेल, कपड्याला घासत असेल किंवा दिसायला नको वाटत असेल, तर जागेवर भूल देऊन छोट्या छेदातून आवरणासकट गाठ काढतात, आणि ती क्वचितच परत येते. स्नायूच्या तंतूंत शिरलेला लायपोमा परत येण्याची शक्यता त्याहून जास्त. कपाळावरची गाठ पुष्कळदा स्नायूच्या खाली असते, हे आधी सोनोग्राफीत कळलं तर सर्जन ऐनवेळी चाचपडत नाही. घाई महागात पडते ती खोल, मोठ्या गाठींच्या बाबतीत. साधी समजून काढलेली गाठ सार्कोमा निघाली, तर पेशी आजूबाजूला सांडलेल्या असू शकतात आणि पुढची शस्त्रक्रिया बरीच मोठी करावी लागते. सुई कुठून घालायची हेही म्हणूनच पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनशी बोलून ठरवतात.

सर्वांत जास्त सावध राहायला हवं ते तान्ह्या बाळाच्या कमरेवर, पाठीच्या कण्याच्या अगदी मधोमध असलेल्या चरबीच्या गाठीबाबत. वरून ती साध्या लायपोमासारखीच दिसते, पण तिची मुळं मणक्यांमधून आत मज्जारज्जूपर्यंत गेलेली असू शकतात. अशा वेळी मज्जारज्जू खाली अडकून ताणला जातो आणि पुढे पायांतली ताकद किंवा लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. बाळाचे मणके पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफीतही मज्जारज्जू बघता येतो. शंका आली, तर एमआरआय करून बाळाला न्यूरोसर्जनकडे न्यायचं. ही गाठ वरवर कापून काढायची नाही.