आधी कावीळ उतरवायची की आधी गाठ काढायची?

स्वादुपिंडाच्या डोक्यातली, म्हणजे रुंद टोकातली, कर्करोगाची गाठ पित्तनलिका दाबते, म्हणून हा रुग्ण पुष्कळदा कावीळ घेऊनच दवाखान्यात येतो. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये या भागातली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत झाली: आधी पित्ताला दुसरी वाट, कावीळ उतरली की गाठ बाहेर. पुढे दोन्ही एका बैठकीत होऊ लागलं, पण कावीळ आधी उतरवण्याचा आग्रह टिकला. पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, बसू लागला, एवढंच.

त्या आग्रहाला खरा धक्का २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीने दिला. थेट ऑपरेशन झालेल्यांत गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, आधी स्टेंट टाकलेल्यांत ७४ टक्के. स्टेंटवाटे आतड्यातले जंतू पित्तनलिकेत चढतात, नळी तुंबते, हुडहुडी भरून ताप येतो आणि ऑपरेशनची तारीख पुढे जाते. ते स्टेंट मुख्यतः प्लॅस्टिकचे होते, हा आक्षेप रास्त आहे. धातूचे कमी तुंबतात. तरी निव्वळ सवयीने स्टेंट टाकू नये, हे तेव्हाच स्पष्ट झालं. आजही काही ठिकाणी सीटी स्कॅनच्या आधीच स्टेंट पडतो, हे मला अक्षम्य वाटतं. त्याने येणाऱ्या सुजेमुळे गाठ रक्तवाहिनीला कितपत भिडली आहे ते नीट दिसत नाही, आणि गाठ काढता येईल की नाही हे त्यावरच ठरतं. निदानावेळी ती काढता येते जेमतेम १५ ते २० टक्के रुग्णांत.

पुढे केमोने क्रमच फिरवला. २०११ मध्ये पसरलेल्या आजारात चार औषधांच्या केमोवर मध्यक आयुर्मान ११.१ महिने आलं, जेमसिटाबिन या वेगळ्या, एकाच औषधावर ६.८. २०१८ मध्ये ऑपरेशननंतर तीच केमो थोडी सौम्य करून दिली, तेव्हा ५४.४ महिने, जेमसिटाबिनवर ३५. हे तब्येतीने बऱ्या, निवडक रुग्णांचे आकडे. आणि मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. ऑपरेशननंतर अनेकांना केमो झेपत नाही, म्हणून रक्तवाहिनीला भिडलेल्या गाठीत ती आधी देऊ लागले. त्यातलं इरिनोटेकान शरीराबाहेर पडायला पित्ताची वाट मोकळी लागते. स्टेंट परत आला तो असा, आता धातूचा.

सहज काढता येणाऱ्या गाठीत मात्र आधी केमो दिल्याने जगणं वाढल्याचं २०२४ च्या नॉर्डिक चाचणीत दिसलं नाही. अशा रुग्णाचं बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पित्तद्रव्य) फार चढलेलं नसेल, ताप नसेल आणि तारीख लवकर मिळत असेल, तर स्टेंट न टाकता थेट ऑपरेशनला घेणंच योग्य.