खेळ सुटला की मसलची चरबी होते? नाही हो!
अमेरिकेत कॉलेजमधलं अमेरिकन फुटबॉल (आपलं पायाने खेळायचं ते नव्हे) संपलं की पोरांचं अंग सुटतं आणि मग सगळे म्हणतात, मसलची चरबी झाली. असं होतच नाही! स्नायूच्या पेशी वेगळ्या, चरबीच्या वेगळ्या, एकीची दुसरी बनत नाही. होतं काय, तर व्यायाम थांबला की स्नायू बारीक होतात आणि खाणं मात्र तेवढंच राहतं. लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत उभं राहून समोरच्यांना अंगाने अडवणारा धिप्पाड पोरगा बघा, १३५-१४० किलोचा, वजन टिकवायला वर्षानुवर्षं दिवसाला ५००० कॅलरीच्या आसपास खाल्लेलं, भूक नसली तरी झोपताना पीनट बटर सँडविच आणि दूध, मग शेवटचा सीझन संपतो, कोच नाही, टीमचं जेवण नाही, सवय तशीच. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, जातात दोन टक्क्यांहून कमी, म्हणजे बहुतेकांवर ही वेळ बाविशीतच येते. त्यांना आळशी म्हणू नका प्लीज. ताट हळूहळू कमी करायचं, वेट ट्रेनिंग थोडं तरी चालू ठेवायचं, स्नायू बऱ्यापैकी टिकतात.