दर महिन्याला पॉलिश मारू नका बघा

आमच्याकडं बेळगाव-खानापूर भागात सगळे सांगतात, दर महिन्याला पॉलिश मारा म्हणजे गाडीचा रंग टिकतो. उलटं आहे हो! पॉलिश म्हणजे बारीक घासणंच, त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा थोडा निघतो आणि तो असतो साधारण ४०-५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एकदा गेला की परत येत नाही, पॅनलच रंगवायला लागतं. माझ्या भावाच्या बॉनेटच्या कडेला असाच पांढरट पट्टा पडलाय, बघून जीव तुटतो. वर्षातनं एकदा बास, ते पण बारीक ओरखडे दिसले तरच. दोन-तीन महिन्यांनी मारायचं ते साधं वॅक्स, ते वर बसतं, रंग खात नाही. आणि लाल धूळ कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी भरपूर पाणी मारा, ओरखडे तिथंच पडतात.