ठरवलेलं आठवतं कसं? नवस, नारळी पुनव आणि प्रयोगशाळा

एखादी गोष्ट करायची ठरवणं आणि ती ऐनवेळी आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मानसशास्त्राने त्याकडे उशिरा लक्ष दिलं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रयोग छापले ते पाठांतराचे. फ्रॉइडने 1901 मध्ये विसरलेल्या बेतांवर लिहिलं खरं, पण त्याचा रोख मनातल्या दडलेल्या अनिच्छेवर. विसरला, म्हणजे मुळात करायचंच नव्हतं! मला हे अर्धंच पटतं.

1990 मध्ये आइन्स्टाइन (सापेक्षतावादवाले नव्हेत) आणि मॅकडॅनियल या अमेरिकी संशोधकांनी साधा प्रयोग केला: दुसरं काम चालू असताना ठरलेला शब्द दिसला की कळ दाबायची. त्यात वयस्कर मंडळी तरुणांच्या मागे पडली नाहीत. मग भेद मांडला गेला. काही बेत घटनेला बांधलेले असतात, काही वेळेला. घटना समोर येऊन आठवण करून देते. वेळेवर मात्र आपणच नजर ठेवायची.

कोकण किनाऱ्यावर हे दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. पावसाळी मासेमारीबंदी तारखेची, 1 जून ते 31 जुलै. कोळीवाड्याचा जुना बेत मात्र नारळी पुनवेचा. श्रावणातल्या ढगांत चंद्र दिसो न दिसो, उधाणाची भरती यायची ती येतेच. रोजचा हिशेबही तिथीवर: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. घड्याळ नसलं तरी अडत नाही.

नवसाची गोष्ट आणखी गमतीची. गाऱ्हाणं घालणारा देवाला सगळं सांगतो आणि भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बेत एकट्याच्या डोक्यात राहतच नाही. गावाला तो माहीत असतो. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी 1999 मध्ये ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा बांधणीचा बेत तडीस जाण्याची शक्यता जास्त असते, असं मांडलं. नवसाची बांधणीही तीच, फक्त त्यात साक्षीदार आणि थोडा धाक जास्त.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल, म्हणजे तिची संमती, घेऊन ठरते. नवस फेडायचा दिवस आधी कोणालाच ठाऊक नसतो. तारीख फुटली की मुंबईतला चाकरमानी आधी कोकण रेल्वेचं आरक्षण बघतो, ओटीचं सामान नंतर.